तेवीस नंबर

स्वित्झर्लंडच्या टूरआधीची मीटिंग मुलुंडला एका हॉलमध्ये होती. माझा नवरा, श्रीरंग, जाऊन सव्वा महिना झाला होता. बुकिंग दोघांचं होतं. “आई, फोनवर कॅन्सल कर ना,” असं रुचिरा रोज म्हणत होती. फोनवर ते वाक्य मला बोलता येत नाही, हे लेकीला कसं सांगू? समोर जाऊन सांगेन म्हणून गेले, तर दारातच कोणीतरी हातात दोन टोप्या आणि दोन बिल्ले ठेवले. तेवीस त्याचा, चोवीस माझा.

टूर मॅनेजर गंधाली जेमतेम पंचविशीची. तिने डोंगर चढणाऱ्या ट्रेनचे फोटो दाखवले. श्रीरंगने ते मला इतक्या वेळा दाखवले होते की मी घरबसल्या त्या डोंगराला कंटाळून परत आले होते.

“काका-काकू, बसमध्ये मी डोकी मोजणार नाही हं,” गंधाली म्हणाली. “आपापला नंबर ओरडायचा. एक जरी आवाज कमी पडला, तरी बस हलणार नाही. चला, प्रॅक्टिस!”

आकडे माझ्या रांगेपर्यंत आले. “बावीस!” शेजारचे काका लाजत ओरडले. मग कोणीच बोलेना.

“तेवीस झोपले वाटतं!” गंधाली म्हणाली आणि सगळा हॉल हसला.

सांगायची वेळ हीच होती. मी उभी राहिले.

“तेवीस,” मी म्हणाले.

“शाब्बास, काकू! आता चोवीस?”

चोवीस मीच होते, पण मी तेवीसचा बिल्ला मुठीत धरून खाली बसले.