हात दाखवून अवलक्षण

कंडक्टरबाईंना माइक कधीच लागला नाही. नोकरीभर त्यांनी बसच्या मागच्या दारातून "पुढे सरका" म्हटलं की ड्रायव्हरच्या पाठीला चिकटलेला माणूससुद्धा सरकायचा. निवृत्ती आली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. नळावर त्या नुसतं "कोण आहे रे?" म्हणाल्या तरी भांडणं मिटायची.

विद्यापीठाच्या फुकट व्याख्यानांना मात्र हीच बाई तोंडाला कुलूप लावून बसायची. रविवारी सकाळी सभागृह सगळ्यांसाठी उघडं असे. मधमाश्या, धूमकेतू, जुनी नाणी, माणसाचा कान आतून कसा असतो, जे असेल ते. बाई पुढच्या रांगेत, शेजारी त्यांचे यजमान. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे म्हणून सगळे त्यांना पेंटरच म्हणत. बाईंची शाळा अर्ध्यावर सुटली होती. इथे कुणी विचारत नव्हतं की तुम्ही शिकलात किती. मोठमोठी माणसं समोर उभी राहून आपल्यासाठी घसा कोरडा करतात, याचंच बाईंना कोण अप्रूप! वस्तीत कुणी विद्यापीठाला नावं ठेवली की त्या त्याच्या अंगावर जायच्या. माणूस ज्याच्यासाठी भांडतो, त्यानेच केसाने गळा कापला की राग वेगळाच येतो. तो ओरडून जात नाही.

या सगळ्या कार्यक्रमांचे एक संयोजक होते. "हे व्यासपीठ खुलं आहे, हे विद्यापीठ खुलं आहे, आपण मनं खुली ठेवू या," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. वस्तीने त्यांचं नावच खुलेसाहेब ठेवलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा उलट आनंदच झाला.

मग पेंटरना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, आणि ब्रश धरायचा तो उजवाच. जीभ जड झाली. पाय मात्र ओढत का होईना चालत होता. व्यायाम करून घेणारा दवाखाना विद्यापीठाच्या पलीकडे. वस्तीतून मागच्या फाटकाने आत शिरलं की झाडाखालची सपाट वाट होती आणि वाटेत बाकं होती. पेंटर एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालायचे, टेकायचे, पुन्हा उठायचे. दवाखान्यातली व्यायामाची मुलगी म्हणायची, "काका, इथला व्यायाम निम्मा, तुमची ती वाट निम्मी." गाडीचं नाव काढलं की पेंटर मान हलवायचे. जाईन तर माझ्या पायांनी, असा त्यांचा हट्ट, आणि बाईंना तो हट्ट मनातून फार आवडायचा.

अशात एका रविवारी व्याख्यानाऐवजी 'शेजार संवाद' ठेवला होता. विद्यापीठ आणि आसपासची वस्ती यांनी एकत्र बसून बोलायचं. खुलेसाहेबांनी माइकवर टिचकी मारली.

"मागे आवाज येतोय का? येत असेल तर हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. आपल्याला ऐकू येतं एवढं सांगायला कुणाचं काय जातंय? आणि तेव्हा बाईंना शेजारी काहीतरी हलल्यासारखं वाटलं. पेंटरचा उजवा हात. मांडीवरून उठला, थरथरत छातीपाशी आला, खांद्याच्या वर गेला आणि कानाच्याही वर जाऊन थांबला. पेंटर स्वतःच त्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखे बघत होते. बाई सगळ्यांदेखत रडल्या. पुढे खुलेसाहेब काय बोलले, कशावर बोलले, त्यातलं अक्षरही त्यांच्या कानात शिरलं नाही. समोरून कॅमेरा लखलखला तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, या हाताचा फोटो निघाला.

निघालाच होता. पुढच्या आठवड्यात दोघं फाटकाशी गेले तर फाटकाला कुलूप, आणि कुलपाच्या वर भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर तो फोटो. सगळी वस्ती हात वर करून बसलेली, पहिल्या रांगेत पेंटरचा हात सगळ्यांच्या वर. खाली लिहिलं होतं : 'मागील फाटक कायमचे बंद करण्याच्या प्रस्तावास शेजाऱ्यांचा हात उंचावून पाठिंबा.'

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पेंटर मात्र फ्लेक्सकडे डोळे बारीक करून बघत होते.

"अक्षर," ते सावकाश म्हणाले, "भिकार आहे."

बाई त्यांना घरी सोडून तडक मोठ्या रस्त्याने पुढच्या दारी गेल्या आणि खुलेसाहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेबांनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. गोड बोलण्यात माणूस कमी पडला नाही.

"साहेब, तुम्ही विचारलंत आवाज येतोय का. आम्ही हो म्हणालो. फाटकाचं कुणी विचारलं?"

"बाई, प्रस्ताव माझ्या मागे पडद्यावर होता. सुरुवातीपासून होता."

"तुमच्या मागे होता ना! पुढे तुम्ही उभे होतात."

"हात प्रस्तावासमोर वर झाले, हे तर तुम्हीही नाकारणार नाही." ते हसले. "तरी तुमच्या भावना मला कळतात. पुढच्या संवादात अवश्य मांडा. व्यासपीठ खुलं आहे."

"आणि फाटक?"

"ते बंद आहे."

एवढं शिकून माणूस एवढं निर्लज्ज बोलू शकतो, हे बाईंना इतक्या व्याख्यानांत कुणी शिकवलं नव्हतं.

पेंटर एकदाच मोठ्या रस्त्याने गेले. त्या रस्त्याला पदपथ नाही, बाक नाही, सावलीही नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला आणि ते कडेच्या धुळीत मटकन खाली बसले. बाईंनी उठवलं. दवाखान्याला न जाता दोघं घरी आले. त्या दिवसापासून पेंटरनी चपला पायात घातल्या नाहीत. हात पुन्हा मांडीवर पडला तो पडलाच. बाई रोज सकाळी विचारायच्या, "अहो, जरा वर करून बघता का?" मग एक दिवस त्यांनी विचारणं सोडून दिलं, कारण त्यांच्याने नकार बघवेना.

पुढचा संवाद बऱ्याच दिवसांनी झाला. त्याच्या आधी वस्तीत एकच बोलणं चाललं होतं : काही झालं तरी हात वर करायचा नाही. एकदा हात दाखवून अवलक्षण झालं तेवढं पुरे. शेजारच्या दूधवाल्याने पेंटरना खुर्चीसकट स्कूटरला जोडलेल्या दुधाच्या गाड्यात बसवून आणलं. पेंटर नको नको म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही.

खुलेसाहेबांनी टिचकी मारली. "मागे आवाज येतोय का?"

एक हात हलला नाही. लोक तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. साहेबांनी आवाज वाढवायला सांगितला. स्पीकर असा किंचाळला की पुढच्या बायकांनी कान धरले.

"आता? येत नाही का आवाज?"

"आवाज येतो साहेब," मागून दूधवाला म्हणाला, "हात येत नाही."

सभागृह खदखदून हसलं. साहेबही हसले, तशा बाई सावध झाल्या. हा माणूस हरल्यावर हसणारा नव्हता.

"छान. मग मुद्द्यावर येऊ. फाटक बंद ठेवण्याला ज्यांचा विरोध असेल, त्यांनी कृपया हात वर करावेत."

लोक एकमेकांकडे बघू लागले. हात वर करावा, तर उद्या फ्लेक्सवर खाली काय छापतील कोण जाणे. न करावा, तर विरोध नाही. इकडे आड तिकडे विहीर. कॅमेरावाला भिंतीला टेकून उभा होता. आज त्याच्या कॅमेऱ्याला झाकण होतं. साहेबांच्या मागचा पडदा कोरा होता.

"कुणीही नाही?" साहेब म्हणाले. "मग तशी नोंद—"

"थांबा!"

खिडक्यांच्या काचा हलल्या. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"हात मोजायचेत ना तुम्हाला? या खाली. हा हात ओळखता? तुमच्या फ्लेक्सवर सगळ्यात उंच आहे तो. त्या दिवशी तो कित्येक महिन्यांनी उठला होता. माझ्या नवऱ्याने तो तुमच्या आवाजासाठी उचलला, आणि तुम्ही त्याच हाताने त्याची वाट बंद केलीत! आज तो उठत नाही. या, तुम्हीच उचला. उचला आणि छापा, काय छापायचं ते."

खुलेसाहेबांनी पाण्याची बाटली उचलली आणि परत ठेवली. "बाई, भावनेच्या भरात... हे व्यासपीठ..."

"खुलं आहे! माहीत आहे! फाटकाचं बोला!"

त्यांचा घसा पहिल्यांदाच फाटला. त्यांना वाटलं, आता आपल्याला रडू येणार आणि हे लोक तेही छापणार.

तेवढ्यात पेंटरनी डाव्या हाताने शेजारची खुर्ची धरली आणि ते उठले. बाई आधार द्यायला वळल्या, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. उजवा हात बाजूला नुसता लोंबत होता. जीभ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"आमचा," ते व्यासपीठाकडे बघून म्हणाले, "आमचा आवाज... येतोय का? येत असेल... तर हात... वर करा."

वर खुलेसाहेब होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन प्राध्यापक. सगळ्यांचे हात टेबलावर होते, बाटल्यांच्या शेजारी. एका प्राध्यापकाची बोटं जराशी हलली. त्याने साहेबांकडे बघितलं आणि बोटं मिटून घेतली.

बाई कॅमेरावाल्याकडे वळल्या. या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही.

"काढा आता फोटो."

त्याने झाकण काढलं.