कानाला एक, बोटाला दोन

घरात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान असे, की एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. इंग्रजीही बरीचशी ऐकूनच शिकली आणि बोलायची अगदी फर्डं. त्यामुळे हॉस्पिटलात डॉक्टरांचे रिपोर्ट ऐकून टाइप करायची जागा निघाली, तेव्हा ‘हा तर माझ्या हातचा मळ’ म्हणत ती परीक्षेला गेली आणि सपशेल आपटली.

“डॉक्टर म्हणाले, शीर सापडेना. तुम्ही लिहिलंत, व्यर्थ सापडेना,” टायपिंग विभागाच्या बाईंनी समजावलं. “इंग्रजीत दोन्ही ‘व्हेन’च, पण स्पेलिंग वेगळं. आणि टाचेच्या ‘हील’ऐवजी जखम भरते ते ‘हील’.”

“पण कॉम्प्युटरनं वाचून दाखवलं तेव्हा बरोबर वाटलं हो!”

“वाटणारच. उच्चार एकच ना!”

घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. वहिनीनं पोटभर रडू दिलं, मग म्हणाली, “वन्सं, कानांवर फार विसंबलात तुम्ही. शाळेत बोटांनी वाचायचात ना? ती ब्रेलची पुस्तकं माळ्यावर धूळ खातायत.”

वहिनीनंच पदर खोचून ती खाली काढली. सवय मोडलेली, पहिलं पान संपेतो घाम फुटला. पण कानाला जुळी वाटणारी भावंडं बोटांखाली निरनिराळी निघायला लागली, तशी तिला गंमत वाटू लागली. भाजी निवडता निवडता वहिनी इंग्रजीतून गुगली टाकायची, “डॉक्टरकडे पेशंट्स फार, पेशन्स कमी! सांगा स्पेलिंग!” आणि ही दोन्ही फाडफाड सांगायची.

जागा पुन्हा निघाली. या वेळी मजकूर सांगायला डोळ्यांचे सर्जन होते, बोलणं सुसाट. तिची बोटं मागे पडली नाहीत. पण ‘ऑपरेशननंतर रोज साइट तपासा’ या वाक्यावर ती थबकली.

“डॉक्टर, जरा थांबा. नजर तपासायची की टाके घातलेली जागा? दोन्ही ‘साइट’ इथे बसतात.”

आपण आगाऊपणा केला की काय, असं तिला वाटून गेलं.

“नजर,” सर्जन म्हणाले आणि मोठ्यानं हसले. “बरं विचारलंत! नाहीतर नर्स नुसती पट्टी बघून गेली असती.”

बाईंनी कागद दोनदा वाचला. “एक चूक सापडेल तर शपथ!” त्या म्हणाल्या. “या सोमवारपासून. खिडकीजवळचं टेबल देते तुम्हांला, सगळे त्याच्यासाठी भांडतात.”

“खिडकी भांडणाऱ्यांना द्या,” ती ताठ मानेनं म्हणाली. “मला पंख्याखालचं द्या!”