आडवं लुगडं

विशाखाची दांडी उडवली ती साध्या चौकोनांनी. हैदराबादच्या एका मोजणी कचेरीत कॉम्प्युटर आला होता. नकाशावरचे दोन आयताकृती प्लॉट एकमेकांवर चढतात का, हे त्याच्याकडून काढून घ्यायचं काम पेडगावच्या या पोरीकडे होतं. एकाचा कोपरा दुसऱ्यात पडतो का, एवढं तिचा प्रोग्राम तपासायचा. तरी मशीन काही चढलेले प्लॉट खुशाल मोकळे म्हणून छापायचं.

"सोमवारी पुन्हा चुकलं तर टायपिंगला बसा," साहेबांनी सुनावलं. टाइपरायटरशी तिचं वैर नव्हतं. पण हरून तिथं बसायचं, हे तिच्या जिवाला लागलं.

शनिवारी ती तोंड पाडून गावी आली, तर दारात वेगळाच तंटा. मायनं, सरजाबाईनं, खारोड्या वाळत घालायला लुगडं लांब अंथरलेलं. शेजारच्या दगडाबाईनं बरोब्बर त्याच्या मधोमध आपलं आडवं टाकलेलं.

"उचल की गं! माझ्या लुगड्यावर टाकायलीस," माय कडाडली.

"कुठं? माझं एक तरी टोक तुझ्या लुगड्यावर हाय का? आन् तुझं माझ्यावर?"

खरंच नव्हतं. आठही टोकं बाहेर आणि लुगडं मात्र लुगड्याच्या उरावर! विशाखा बघतच राहिली. दगडाबाई हुबेहूब तिच्या प्रोग्रामसारखीच भांडत होती.

"मावशी, टोकाचं सोडा," ती मध्ये पडली. "मायच्या लुगड्याच्या पार डावीकडं जा, न्हाईतर पार उजवीकडं, न्हाईतर वर, न्हाईतर खाली..."

बोलता बोलता तिला आपला प्रोग्राम आठवला. चढायचे प्रकार कशाला मोजायचे? मोकळं राहायच्या वाटाच चार! त्यातली एकही सापडली नाही, तर चढलंच समजायचं. तिनं आनंदानं दगडाबाईलाच मिठी मारली.

"शहरात जाऊन पोर खुळी झाली की गं," दगडाबाई म्हणाली, आणि त्या गडबडीत भांडण विसरून गेली.

सोमवारी साहेबांनी मुद्दामच अवघड जोडी दिली: लांब शेत आणि त्याला मधोमध छेदणारी रस्त्याची पट्टी. नव्या प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं मशीनमध्ये गेली, छपाई खडखडली. चढलेले! मग शेताच्या पोटातलं शेत दिलं. तेही चढलेलं. दूरदूरचे दिले, ते मोकळे. साहेब दमले, मशीन दमलं नाही.

शेवटी त्यांनी टायपिस्टला हाक मारली. "ही रीत सगळ्या शाखांना कळवायचीय. बाई सांगतील तसं घ्या."

विशाखा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सांगू लागली.