बारा नंबरची स्वच्छ जर्सी

"सगळे खेळाडू तंदुरुस्त आहेत," असं मास्तरांनी पेपरात सांगितलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुणी विचारलेलं नसताना माणूस असं कशाला सांगेल? आमच्या टीमच्या कोचला सगळे मास्तर म्हणतात. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दाढ उपटणं, आणि त्या दिवशी अर्धा रकाना भरून बोलले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रविवारी हरलो तर आम्ही खालच्या लीगमध्ये जाणार होतो. बरोबरी झाली तरी वाचणार होतो, पण बरोबरी करायलासुद्धा अकरा धड माणसं लागतात. मधल्या बचावातला एक लाल कार्ड खाऊन घरी बसलेला. दुसरा भर हंगामात विकून टाकला. का, ते विकणाऱ्यांनाच ठाऊक. डावीकडचा मांडी धरून पळतो. बाकावर बघावं तर कोवळी पोरं आणि एक असा मिडफिल्डर, जो अंग गरम करता करताच गार पडतो. भरवसा होता तो फक्त गोलकीपरचा. त्याला आम्ही भिंत म्हणतो. आणि भिंतीला काही झालं तर तिच्या जागी कोण? आमचे जावई.

हे सांगताना माझा ऊर भरून यायला हवा, मला कळतं. जावई माणूस म्हणून सोनं आहेत. वरच्या मजल्यावर आमच्यासोबतच राहतात, पण कुणी घरजावई म्हणावं असं वागत नाहीत; पाण्याचा ग्लाससुद्धा मागत नाहीत. पण गोलकीपर म्हणून ते बाकावरच शोभतात, असं माझं स्पष्ट मत होतं. एका सरावाच्या सामन्यात बॉल त्यांच्या दोन पायांमधून गेला होता. मी नेहमीसारखी गोलच्या मागे उभी होते आणि तेव्हा काय ओरडले ते लेक अजून मला ऐकवते.

आमची लाँड्री आहे आणि टीमचे सरावाचे कपडे आमच्याकडेच येतात. क्लबचा सामान सांभाळणारा माणूस दुपारी पोती आणून टाकतो, मी कपडे वेगळे करते, मशीन मी चालवते, इस्त्री आणि घड्या आमचे हे करतात. चिखलाचे कपडे लगेच पाण्यात टाकले तर डाग बसतो. आधी माती वाळू द्यायची, ब्रशने झटकायची, मग भिजवायचं. त्यामुळे प्रत्येक जर्सी माझ्या हातून दोनदा जाते. कोण घाम गाळतो आणि कोण नुसता उभा राहतो हे मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं.

त्या आठवड्यात एक नंबर, म्हणजे भिंत, चिखलात लोळून येत होता. कोपर, कंबर, मांडी, सगळीकडे थर. मला बरं वाटलं. मग बारा नंबर हातात आला. बारा नंबर म्हणजे आमचे जावई. जर्सी कोरी करकरीत. आमच्या यांनी घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि जावई मात्र रोज सकाळी बॅग खांद्याला लावून जात होते आणि दमून परत येत होते. मग जात होते कुठे? यांना विचारलं तर म्हणाले, एवढी वर्षं संसार केलास, आता कपडे शांतपणे धू. यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. कॉर्नर म्हणजे यांच्या लेखी चहाची टपरी.

माझं डोकं मात्र मशीनसारखं फिरायला लागलं. संघातून काढलं असेल आणि लाजेने सांगत नसतील. किंवा दुसऱ्या क्लबशी बोलणी चालली असतील. किंवा, देव न करो, दुसरंच काही, आणि माझी लेक बिचारी दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या वेळा लिहीत बसलेली. सासू म्हणून एक काळजी होती आणि टीमची माणूस म्हणून वेगळीच: भिंतीच्या मागे असलेला एकमेव माणूस सरावालाच जात नव्हता.

शेवटी न राहवून टॉवेलांचा गठ्ठा घेतला आणि मैदानावर गेले. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. सराव बंद दाराआड, मास्तरांचा हुकूम, टॉवेल इथेच ठेवा. आजवर मला कुणी अडवलं नव्हतं. मी मागच्या बाजूला गेले आणि कुंपणाच्या पत्र्याला जिथे फट आहे तिथे डोळा लावला.

लांब, पलीकडच्या गोलात भिंत होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, पाठीवर एक नंबर. आणि काय झेपावत होता! वरच्या कोपऱ्यातला बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, लगेच उठून दुसऱ्या बाजूला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं खेळताना पाहिलं नव्हतं. जीव भांड्यात पडला. मग मी बारा नंबर शोधला. सगळं मैदान पालथं घातलं. नव्हता.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी जावयांना विचारलं, आजचा सराव कसा झाला. चांगला झाला, म्हणाले. मी म्हटलं, झालाच असेल, मी पाहिला. लेकीने मान वर केली. मी थांबायला हवं होतं, पण थांबले तर ती मी कसली. जर्सीची घडी मोडत नाही इथपासून कुंपणाच्या फटीपर्यंत सगळं बोलून टाकलं.

"भिंत तिथे जिवाचं रान करतोय," मी म्हणाले, "आणि तुमचा पत्ता नाही. माझ्या लेकीला तरी खरं सांगा, कुठे असता तुम्ही?"

लेक जावयांकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी आणलं होतं, आणि ते त्यांनीही पाहिलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आई, तो मीच होतो."

मग त्यांनी सांगितलं. समोरच्या गच्चीवर दुर्बीण लावून रविवारी ज्यांच्याशी सामना त्या टीमची माणसं बसतात, म्हणून मास्तरांनी त्यांना एक नंबर घालायला लावला होता. घरीसुद्धा बोलायचं नाही असं बजावलं होतं. बारा नंबरची जर्सी कपाटातून निघून न वापरताच पोत्यात जात होती. सामान सांभाळणाऱ्याने तेवढं डोकं चालवलं नव्हतं.

ज्याला पाहून माझा जीव भांड्यात पडला तो माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता. शाबास म्हणायला एवढा एक क्षण पुरेसा होता. माझ्या तोंडून निघालं, "मग भिंतीला काय झालं?"

"खांदा निखळलाय."

"अरे देवा. मग रविवारी गोलात कोण?"

आमच्या यांनीसुद्धा खाणं थांबवलं. जावई माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"रविवारी तुम्ही येऊ नका, आई," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही मागून बोलता ते बाकावर ऐकू येतं. गोलात तर कानातच बोलल्यासारखं येईल."

मी म्हटलं, एक शब्द बोलणार नाही, तोंडाला कुलूप.

"ते तर आणखीच ऐकू येईल," ते म्हणाले. मग आमच्या यांच्याकडे वळून विचारलं, "बाबा, तुम्ही याल?"

रविवारी माझं तिकीट घेऊन हे गेले, लेक गेली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. मैदान फार लांब नाही. मोठा आवाज झाला की इथे पोचतो. एरवी नुसत्या आवाजावरून मी सांगते गोल कुणाचा झाला. त्या दुपारी दोनदा मोठा आवाज आला आणि मला काही सांगता येईना, कारण दोन्ही वेळा मला फक्त ते एकटे दिसत होते, दोन खांबांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून.

हरले तर काय बोलायचं हे मला कळत होतं. बोलायचं नाही, ताट वाढायचं. पण जिंकून आले तर? मी मनापासून शाबास म्हणेन, आणि ते हसून मान डोलावतील, आणि माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघतील, हे खरं म्हणतेय की नाही ते तपासत. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती.