तुपातल्या फुलवाती

मृदुलाने इस्त्रीचं टेबल सर्वांत वरच्या खाचेत अडकवलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन पडद्यात पाहिलं. डोकं कापलेलं. कीर्तन उभ्याने करायचं असतं हे लॅपटॉप बनवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसावं. पुढे येऊन तिने त्याखाली विनयच्या ऑफिसच्या दोन जाड फायली सरकवल्या.

"अगं, त्या मला उद्या लागणार आहेत," तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. गेलं वर्षभर तो झुइडास भागातलं आपलं ऑफिस जेवणाच्या टेबलावरूनच चालवत होता.

"उद्या घे. आज त्या देवाच्या कामाला लागल्यात."

"सकाळपासून किती चिडशील?"

"सकाळपासून नाही, जानेवारीपासून. आज फक्त नऊवारी नेसून चिडलेय."

विनय हसला. तिला हसू आलं नाही. साडेदहाला कीर्तन होतं. इथे बाडहूव्हडॉर्प या डच गावात साडेदहा, इंग्लंडात लेस्टरला दादाकडे साडेनऊ, पुण्यात अण्णांकडे दुपारचे दोन.

अण्णा म्हणजे तिचे वडील, मोरेश्वरबुवा. साठ वर्षं गावोगावच्या देवळांत कीर्तनं केलेला माणूस. आज त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. एरवी मांडव पडला असता, दिव्यांच्या ओळी लागल्या असत्या. पण यंदाच्या एप्रिलमध्ये साथीमुळे पुण्यात घरोघरची दारं बंद होती आणि परदेशातल्या लेकरांनी येण्याचं नावही काढायचं नव्हतं. काय हवं, असं विचारल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "दोघं मिळून एक जुगलबंदी उभी करा. गळा आहे तोवर ऐकतो."

"गळा आमचा, अण्णा. तुमचे कान," मृदुला म्हणाली.

"तेच ते. कानही चाललेत."

जुगलबंदी म्हणजे दोन कीर्तनकार, एक विषय, दोन बाजू. मृदुला नऊ वर्षांची आणि दादा, म्हणजे श्यामकांत, बारा वर्षांचा असल्यापासून अण्णांनी दोघांना असं समोरासमोर उभं केलं होतं. दैव मोठं की प्रयत्न, ज्ञान मोठं की भक्ती. आणि ज्याला जी बाजू पटायची नाही, नेमकी तीच ते त्याच्या गळ्यात घालायचे. रडून उपयोग नसायचा.

"आपली बाजू कुणीही मांडतो," अण्णा म्हणायचे. "समोरच्याची अशी मांडा, की त्याला वाटलं पाहिजे, अरे, मला हेच म्हणायचं होतं, जमत नव्हतं. मग कीर्तन उभं राहिलं समजायचं."

गुरुवारी त्यांनी फोनवर विषय सांगितला. मोठ्या संघात राहावं की बाहेर पडावं. राहावं, हे श्यामकांत सांगेल. बाहेर पडावं, हे मृदुला.

"अण्णा, कीर्तनात ब्रेक्झिट?"

"चार महिने ग्रुपवर दोघांचं तेच चाललंय ना? सगळ्या गोतावळ्यासमोर भांडायला चालतं, मग देवासमोर का नको?"

कुटुंबाच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अडतीस माणसं होती आणि त्यातल्या छत्तीस जणांनी जानेवारीपासून तोंडाला कुलूप लावलं होतं. दादा ब्रिटिश नागरिक, लेस्टरला पूजेच्या सामानाचा व्यापारी. त्याने बाहेर पडायला मत दिलेलं, आणि ते तो मिरवायचा. आमचे कायदे आम्ही करू. ब्रसेल्सच्या कारकुनाने आम्हाला शिकवायचं कारण नाही. मृदुला स्किपोलजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत कस्टम्सचे कागद भरायची. एक जानेवारीपासून इंग्लंडहून येणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे तिला सात-सात फॉर्म भरावे लागत होते. रोज सकाळी कुणीतरी इंग्रज फोनवर रडायचा आणि रोज दुपारी कुणीतरी डच ओरडायचा. त्यातून डोकं वर काढावं तर ग्रुपवर दादाचा मेसेज असायचा.

"धंदा जोरात. बाहेर पडल्यावर आभाळ कोसळणार होतं म्हणे!"

फेब्रुवारीत त्याला लस मिळाली. मग दर रविवारी, न चुकता, एकच प्रश्न येऊ लागला. "मृदे, सुई मिळाली का? की सत्तावीस देशांची मीटिंग अजून संपली नाही?"

हे तिला फार लागायचं, कारण मिळाली नव्हती.

त्याच फेब्रुवारीत एकदा त्याने ग्रुप सोडून तिला एकटीला विचारलं होतं. "तुपातल्या फुलवातींना काय लागतं गं?" ती तेव्हा सकाळपासून पंचविसावा फॉर्म भरत होती. तिला वाटलं, हा आता एकट्यातही टोमणे मारायला लागला. तिने उत्तर दिलं ते ग्रुपवर. "सार्वभौम फुलवातींना काहीच लागत नाही, दादा. ब्रसेल्सच्या कारकुनाला कशाला विचारतोस?" छत्तीसपैकी अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. तेव्हापासून दोघांचं फोनवर बोलणं नव्हतं. आज अण्णांसाठी उभं राहायचं, हात जोडायचे आणि दादाचा विषय मनातून काढून टाकायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिचा बेत तयार होता. बाहेर पडण्याची बाजू अशा थाटात मांडायची, की लोकांनी पोट धरून हसावं. दादाचीच वाक्यं, दादाच्याच आवाजात. दोन कागद भरून तिने ती उतरवून घेतली होती.

पडदा हळूहळू चौकोनांनी भरला. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. "म्यूट करा, म्यूट!" असं ओरडणारा स्वतः म्यूट नव्हता. पुण्याच्या चौकोनात अण्णा पांढऱ्या उपरण्यात टेकून बसले होते. हार त्यांनी गळ्यात न घालता कॉम्प्युटरला घातला होता, त्यामुळे त्यांच्या चौकोनाच्या वरच्या कडेला दोन झेंडूची फुलं लोंबत होती. लेस्टरच्या चौकोनात दादा. फेटा बांधलेला, हातात चिपळ्या. मागे छतापर्यंत खोक्यांची भिंत.

"बघ," मृदुला विनयला पुटपुटली. "सहस्रचंद्रालासुद्धा दुकानाची जाहिरात."

नमन झालं. रीतीप्रमाणे थोरल्याने आधी बोलायचं, धाकट्याने शेवट करायचा. श्यामकांतने चिपळ्या वाजवल्या. नेटमुळे आवाज तुटत तुटत आला, मागून सूर आला आणि त्यामागून ओठ हलले. तिला वाटलं होतं, आवडत नसलेली बाजू हा ओढून ताणून नेईल. पण त्याने वादाला हातच घातला नाही. गोष्ट सांगायला लागला.

"एक व्यापारी होता, मंडळी. समुद्रापलीकडे समया पाठवायचा. टाळ पाठवायचा, निरांजनं पाठवायचा. माल आपल्या देशातला, गोदाम बेटावर, गिऱ्हाईक पलीकडे. वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही. एकदा त्याने ट्रक भरला, आणि भक्तांची सोय म्हणून वर एक खोकं ठेवलं, तुपात भिजवलेल्या फुलवातींचं. पलीकडच्या बंदरावर साहेब म्हणाला, हे काय? तूप. तूप म्हणजे गाय. गाय कुठली? तिला तपासलेला डॉक्टर कोण? त्याची सही कुठाय?"

चौकोनाचौकोनांतून माणसं हसली. आवाज बंद असल्यामुळे नुसती तोंडं उघडली. श्यामकांतने साकीच्या चालीत दोन ओळी धरल्या:

"दिवा पोचला, तेल पोचले, वात राहिली दारी,
कोण गाय ही, कुठली, पुसतो पैलतिरी अधिकारी!"

अण्णांनी मांडीवर ताल धरला. मृदुलाने धरला नाही. ती पुढे वाकली होती.

"एका खोक्यापायी अख्खा ट्रक तीन दिवस बंदरावर," दादा सांगत होता. "गाडीवाला केबिनमध्येच झोपायचा. चौथ्या दिवशी ट्रक परत. तसा दुसरा. मग पलीकडच्या नगरीतला म्हातारा दुकानदार, मूळचा सुरिनामचा हिंदू, अकरा वर्षांचं गिऱ्हाईक, फोनवर म्हणाला, भाई, राग मानू नका, दिवाळीचा माल मी आता दुसरीकडून घेतो."

अकरा वर्षं. हेगचं ते दुकान. त्या म्हाताऱ्याकडे दादाला पहिल्यांदा तीच घेऊन गेली होती, पावसात, ट्रॅमने; दादाच्या पिशवीत नमुन्याची एक समई होती आणि तिचं टोक तिच्या गुडघ्याला टोचत होतं.

तिने दादाच्या पाठीमागे पाहिलं. खोक्यांच्या भिंतीवर, प्रत्येक खोक्याच्या उजव्या कोपऱ्यात एक नारिंगी पट्टी होती. तशा पट्ट्या ती रोज पाहत होती. नाकारून परत पाठवलेल्या मालाला त्या लावतात. चौकोनाच्या कडेला सुचेतावहिनी पेटीवर बसली होती. सगळे हसत असताना तिची मान खाली होती.

"तर अशी ही एकट्याची वाट," श्यामकांत म्हणाला. "मोठ्या घरात कटकटी असतात. पण दार मोठं असतं." त्याने चिपळ्या थांबवल्या. मग हात जोडले. "एवढीच माझी बाजू. आता ताई सांगतील."

कीर्तनात धाकटीलाही ताई म्हणायची रीत होती. मध्यंतरी बुक्का लावायच्या वेळी विनय तिला पाणी द्यायला आला, तर ती हातातले कागद घडी करत होती. दोन घड्या, चार, आठ. ते तिने कमरेला खोचून टाकले.

"काय गं?"

"काही नाही. तू तिकडे बस."

ती लॅपटॉपसमोर उभी राहिली. पहिली ओळ चुकीच्या सुरात लागली. तिने थांबून पुन्हा लावली.

"बुवांनी वातीची गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "खोटी नाही. पलीकडच्या दारावर मी स्वतः बसते, मला ठाऊक आहे. पण मंडळी, मला एक सांगा. या पडद्यावर आपण इतकी घरं आहोत. त्यातलं काहीच मागे न सोडता उभं राहिलेलं घर कुठलं? कुणी गाव सोडलं, कुणी देश. अण्णा एकटे बसलेत ते दिसतंय ना सगळ्यांना? निघताना आपल्यापैकी कुणी पुरतं जोखलं होतं, मागे काय राहणार ते?"

तिने पदर खोचला.

"मोठ्या घरात माणसाला सगळं मिळतं. पण दिवा कधी लावायचा, हे दुसरा कुणीतरी ठरवतो. मग एखाद्याला वाटतं, माझ्या घरातला दिवा मी लावीन. चुकेन, हात भाजेल, पण काडी मी ओढीन. असं वाटलेला माणूस मूर्ख नव्हे. पुढे त्याचा हात भाजला, म्हणून तर मुळीच नव्हे. आणि सुईचं म्हणाल, तर त्यांची सुई आधी पोचली. एकट्याने ठरवलं म्हणून लवकर ठरलं. माझ्या दंडाला अजून लागायची आहे. चार महिने हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. आज बाजू मिळाली, म्हणून निघालं."

ती गायली. काय गायली ते नंतर तिला आठवेना. अण्णांनीच लहानपणी बसवून घेतलेलं काहीतरी असावं, कारण पुण्याच्या चौकोनात ओठ तिच्याबरोबर हलत होते. लेस्टरच्या चौकोनात दादाने फेटा काढून हातात घेतला होता आणि त्याच्या टोकाने चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

कोण जिंकलं, हे शेवटी अण्णा सांगायचे. आज त्यांनी दोघांकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जरा खाली, पाहिलं.

"श्याम, तुला जे म्हणायचं होतं, ते हिच्या तोंडून आलं का रे?"

"आलं, अण्णा."

"आणि मृदुला, तुझं?"

"माझं... आलं. माझ्यापेक्षा चांगलं आलं."

"मग आरती करा. उगीच ताटकळू नका, मला गोळी घ्यायची आहे."

आरतीला सगळ्यांनी एकदमच आवाज चालू केले आणि अडतीस माणसं अडतीस चालींत ओरडली. पूर्वी मृदुलाचं यानेच डोकं फिरलं असतं. तिने नुसतं निरांजन ओवाळलं. मग पडदा एकेका चौकोनाने रिकामा झाला.

"छान झालं," विनय म्हणाला. "फक्त तू त्याची बाजू इतकी मनापासून घेतलीस, की मीच गोंधळलो. आता फायली घेऊ का?"

"घे."

ती खिडकीशी जाऊन बसली, नऊवारीसकट, आणि फोन उघडला. ग्रुपवर शाबासक्यांचा पाऊस पडत होता. तो तिने बाजूला सारला. दादाबरोबरच्या वेगळ्या धाग्यात सर्वांत खाली त्याचाच मेसेज होता, फेब्रुवारीतला. *तुपातल्या फुलवातींना काय लागतं गं?* त्याखाली मोकळी जागा.

तिने लिहिलं, "पशुवैद्यकीय दाखला लागतो. तेलातल्या असतील तर नाही. फुलवातींचं खोकं काढून बाकीचा माल वेगळा पाठवता येईल. सगळे कागद मला पाठव, आज."

बरोबरच्या दोन खुणा निळ्या झाल्या. 'टायपिंग' असं आलं, गेलं. पुन्हा आलं. स्वयंपाकघरात विनयने इस्त्रीचं टेबल मिटवलं, त्याचा खटका वाजला. बाहेर एक विमान उतरायला लागलं होतं. हल्ली दिवसातून मोजकीच उतरायची.

मग एकामागून एक फोटो येऊ लागले. चुरगळलेले, पुन्हा सपाट केलेले कागद. सात. अकरा. सतरा. शेवटच्या फोटोखाली एक ओळ होती.

"तुला खरंच अजून सुई मिळाली नाही का गं?"

रविवार होता. मृदुलाने ती ओळ दोनदा वाचली.

"नाही रे," तिने लिहिलं. "रांगेत आहे." आणि पहिला कागद मोठा करून वाचायला घेतला.