आतून घातलेली गाठ

माझी ताई आयुष्यभर शाळेची बस चालवत आली आणि मी आयुष्यभर कपडे शिवत आले. त्यामुळे चोरांच्या बाबतीत आमचं कधी एकमत झालं नाही. तिचा भरवसा लोखंडावर, माझा दोऱ्यावर. एरवी हा वाद घरातल्या घरात चालला असता, पण त्या शुक्रवारी आम्ही बटणाची गाडी घेऊन निघालो आणि वाद रस्त्यावर आला.

बटण म्हणजे ताईची लेक. नाव मीच पाडलेलं. रांगायला लागल्यापासून ती माझ्या मशीनखाली मुक्काम ठोकून असायची आणि सांडलेली बटणं तोंडात घालायची. मी शिवायचं सोडून तिच्या तोंडात बोट घालत बसायचे. तीच पोरगी आता नर्स झाली होती, आणि तिला दूर डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतिणींना घरी जाऊन तपासायचं काम मिळालं होतं. अट एकच, गाडी स्वतःची हवी. सोमवारी सकाळी गाडीसकट हजर झाली तर नोकरी तिची, नाहीतर दुसऱ्या मुलीची. बटण आधीच तिकडे जाऊन खोली घेऊन बसली होती. गाडी आमच्याकडे होती, विटकरी रंगाची, छोटी, ताईने स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलेली.

आता एवढी गाडी सरळ चालवत का नेली नाही, असं कुणीही विचारेल. तर बटणाचा सगळा संसार व्हॅनमध्ये भरलेला होता, व्हॅन ताई चालवणार होती, आणि मी सायकलच्या हँडललासुद्धा हात लावत नाही. म्हणून व्हॅनच्या मागे ट्रेलर जोडला आणि ट्रेलरवर गाडी चढवली. वाटेत दोन मुक्काम होते. दिवसाची काळजी नव्हती. रात्री आम्ही दोघी खोलीत घोरत असताना कुणी ट्रेलर सोडवून नेला तर काय, याच विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

ताईचा बंदोबस्त मी नाकारत नाही. ट्रेलर व्हॅनला जिथे जोडतात त्या आकड्याला तिने कुलूप घातलं. ट्रेलरच्या चाकाला पिवळा जॅमर. गाडीच्या चाकांमधून साखळी. शिवाय पहिल्या लॉजवर तिने सगळं लटांबर उलटं घेत घेत ट्रेलरची पाठ भिंतीला अशी चिकटवली की मध्ये मांजरही शिरलं नसतं. गाडी खाली उतरवायची तर फळ्या टाकायला जागा लागते. ती जागाच तिने ठेवली नाही. बस मागे घेताना पोरं आरडाओरडा करत असत, त्यातही जिचा हात हलला नाही, तिला लॉजची भिंत ती काय.

मग मी माझी खोळ काढली. जाड कॅनव्हासची, गाडीच्या मापाने बेतलेली. ती वरून चढावी म्हणून ड्रायव्हरच्या दाराशी एक उभी फट ठेवली होती. रोज संध्याकाळी ती फट दाभणाने, मेणदोऱ्याने शिवून टाकायची आणि सकाळी उसवायची, असा माझा बेत.

"चोर तुझे टाके बघून घाबरणार आहे का?" ताईने विचारलं.

"त्याला आत काय आहे ते दिसणार नाही. आणि हात लावलाच, तर सकाळी मला कळेल."

"गाडी गेल्यावर कळून काय करणार?"

मी दाभण जरा जोरात ओढलं. पण सांगते, स्वतःचा टाका मी अंधारातही ओळखते. माझी उलटी टीप सरळ असते आणि शेवटची गाठ मी बाहेरून, खाली डाव्या हाताला घालते. त्यात बदल नाही. पहिल्या सकाळी सगळे टाके जागच्या जागी होते, आणि मी ताईला ते दोनदा दाखवले.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. रस्त्याकडेच्या एका खानावळीत आम्ही जेवत होतो. शेजारच्या टेबलावर निळी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. त्याने खिडकीतून आमच्या ट्रेलरकडे बघितलं आणि गाडी छान आहे म्हणाला. झालं. ताई खुलली. गाडी कुणाची, कुठे चालली, जॅमर कुठून आणला, आणि आज मुक्काम कुठल्या लॉजवर, इथपर्यंत सगळं तिने त्याला भडाभडा सांगून टाकलं. मी टेबलाखालून पाय मारत होते. तिला वाटलं टेबल हलतंय. तिने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली.

संध्याकाळी आम्ही लॉजच्या अंगणात शिरलो, ताईने ट्रेलर भिंतीला लावला, मी टाके घातले, आणि वळून बघते तर निळी टोपी फाटकातून आत येतेय. त्याच्याही व्हॅनच्या मागे ट्रेलर होता, ताडपत्रीने झाकलेला. त्याने तो थेट आमच्या शेजारी आणून लावला आणि ओळखीचं हसला.

खोलीत आल्यावर माझ्या नाकावरचा राग जिभेवर उतरला. "जगभरची कुलपं आणलीस," मी म्हटलं, "तोंडाला लावायचं तेवढं विसरलीस. पोरीची नोकरी त्या गाडीवर आहे. गेली तर तिला काय सांगणार आहेस? माणूस गोड बोलत होता म्हणून?"

ताई उलट बोलेल असं मला वाटलं होतं. ती पलंगावर बसून किल्ल्यांचा जुडगा नुसता हातात फिरवत राहिली. मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. मी पाठ फिरवून झोपले. माझी झोप ओंडक्यासारखी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी उठले तर ताईचा पलंग रिकामा. चहा बघायला गेली असेल म्हणून मी चपला घातल्या आणि टाके उसवायला खाली अंगणात गेले. आकड्याचं कुलूप होतं. जॅमर होता. साखळी होती. मी ट्रेलरच्या कडेवर चढले, खोळीवरून हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. टाके माझे नव्हते.

कुणीतरी माझी टीप कापून फट पुन्हा शिवली होती. तीही कशी, तर एक टाका बोटाएवढा, दुसरा मुंगीएवढा, दोरा कुठे सैल तर कुठे कॅनव्हास गोळा झालेला. आयुष्यात कधी सुई न धरलेल्या माणसाचं काम. मी खाली डाव्या हाताला गाठ शोधली. गाठ नव्हती. वर शोधली, वरही नव्हती. मग बोट आत घालून चाचपलं, तर गाठ आतल्या बाजूला होती.

क्षणभर मला अर्थच लागेना. मग लागला. गाठ आतून घातलेली, म्हणजे शिवणारा आत होता. आणि टाके जागेवर होते, म्हणजे तो अजून आतच होता.

निळी टोपी कुठे दिसत नव्हती. मी पाय न वाजवता उतरले आणि स्वयंपाकघरातून लॉजच्या आचाऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्याने येताना तवा घेतला. मी माझी मोठी कात्री घेतली. एवढ्यात पलीकडच्या व्हॅनमागून निळी टोपी बाहेर आली, तोंडात दात घासायचा ब्रश आणि खांद्यावर टॉवेल.

"काय झालं?" त्याने फेसाळ तोंडाने विचारलं.

"तुम्ही बाहेर?" मी म्हटलं. "मग आत कोण आहे?"

त्याला काय कळणार. तरी बिचाऱ्याने ब्रश खिशात घातला आणि आचाऱ्याच्या शेजारी उभा राहिला. मी वर चढून टाके कापत कापत खाली आले, कॅनव्हास बाजूला केला, आणि आचाऱ्याने तवा उचलला.

आत ताई होती. सीट मागे पाडून, माझी शाल छातीपर्यंत ओढून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. गळ्यात शाळेच्या बसमधली जुनी शिट्टी होती, मांडीवर टॉर्च, आणि माझं चांगलं दाभण खुशाल डॅशबोर्डवर पडलेलं.

मी तिला हलवलं. तिने डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे.

"गाडी आहे ना?" ती म्हणाली.

"तू तिच्यातच बसलीयस."

मग मात्र आचारी जो हसायला लागला तो थांबेना. निळ्या टोपीवाल्याने आम्हाला त्याचा ट्रेलर उघडून दाखवला. ताडपत्रीखाली भट्टी होती. त्याच्या मुलीने बेकरी काढली होती आणि तो ती भट्टी पोचवायला निघाला होता. "माझ्याकडे एक साधं कुलूप आहे," तो म्हणाला. "तुमचा बंदोबस्त बघितला आणि वाटलं, आज यांच्याच शेजारी लावावी. चोर आलाच तर तुमचा जॅमर बघून परत जाईल, आणि मीही वाचेन." मला त्याच्याकडे बघवेना. चहा आम्ही तिघांनी एकाच टेबलावर घेतला, आणि ताईने त्याला जॅमर मिळतो त्या दुकानाचा पत्ता दिला.

व्हॅन निघाली आणि लॉज मागे पडला.

"तू म्हणालीस ते खरंच होतं," ताई म्हणाली. "तोंड मीच उघडलं होतं. मग डोळ्याला डोळा लागेना."

"म्हणून शिवत बसलीस?"

"दार अर्धं उघडं ठेवून, ओणवी होऊन शिवलं. कंबर गेली माझी." तिने आरशात बघितलं. "बटण माझ्याच बसने शाळेत यायची ना, तेव्हा मुद्दाम सगळ्यात मागे बसायची. मी आरसा तिच्यावर लावून ठेवायचे. परवापासून आरशात नुसती तिची गाडी दिसतेय. म्हटलं, पोचेपर्यंत तरी नजरेआड करायची नाही."

मला तिचे टाके पुन्हा आठवले आणि ते तितकेसे वाईट वाटले नाहीत.

रविवारी संध्याकाळी पोचलो. बटण धावत आली आणि आधी तिच्या आईला बिलगली, मग मला, मग गाडीच्या बॉनेटला. गाडी ट्रेलरवरून खाली उतरवली, सामान लागलं, जेवणं झाली. मग ताईने साखळी आणि जॅमर उचलला, मी खोळ उचलली आणि आम्ही दोघी दाराकडे निघालो. खोलीसमोर रस्ताच होता, ना अंगण ना भिंत.

"हे काय चाललंय?" बटणाने विचारलं.

"रात्रीची सोय," ताई म्हणाली.

"आई, रात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि फोन आला, तर मी आधी कुलपं काढू, साखळी काढू, की मावशीचे टाके उसवत बसू?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एवढ्या लांबून येताना हा विचार आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

बटणाने गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली, दार नेहमीसारखं लॉक केलं आणि किल्ली दरवाज्याजवळच्या खिळ्याला अडकवली. झाला तिचा बंदोबस्त. ताईने जॅमर परत व्हॅनमध्ये ठेवला. मी खोळीची घडी घातली. फटीच्या तळाशी तिचे काही वाकडे टाके राहिले होते. ते मी उसवले नाहीत.

सोमवारी सकाळी मला ताईच्या हाकेने जाग आली. ती खिडकीशी उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठून शेजारी गेले. समोर रस्ता होता, रस्त्यावर आमचा रिकामा ट्रेलर होता. गाडी नव्हती.

मग दोघींची नजर एकदमच दरवाज्याजवळच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता. बटणाचे बूट नव्हते, पांढरा कोटही नव्हता. ओट्यावर दोन कप चहा झाकून ठेवलेला होता, अजून गरम. आम्हाला न उठवता पोरगी कामावर गेली होती.

ताई खुर्चीवर बसली. हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मलाही भरून आलं. आम्ही खुर्च्या खिडकीशी ओढल्या आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत निवांत चहा घेतला.

"गाडीतला आरसा मी माझ्या उंचीला लावला होता," ताई थोड्या वेळाने म्हणाली. "तिने नीट करून घेतला असेल ना?"

"घेतला असेल," मी म्हटलं.