'बंधू'वरचे टिंब

मित्रांनो, शाईशिवाय उमटणारा एक जुना लोखंडी शिक्का मी. माझ्या दोन जबड्यांत कागद धरून दांडा दाबला, की अक्षरे फुगून वर येतात. दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याचे नाव माझ्यावर कोरलेले आहे. त्या नावाचा शेवटचा शब्द 'बंधू'.

कारखाना दोघा भावांचा, निम्मा निम्मा. आपसात करार लिहून ठेवा, असे वकिलांनी सुचवले तेव्हा दोघेही हसले. भावाभावांत कसला करार? ते हसणे मलाही गोड वाटले होते.

मग थोरला अचानक गेला. त्याचे शेअर आता त्याच्या बायकोकडे यायला हवे होते. ती वीस वर्षे मालाच्या तपासणीवर होती. कुरकुरणारी बिजागरी तिला डोळे मिटूनही कळे. महिनाभराने धाकट्याने तिच्यापुढे हक्क सोडल्याचा कागद ठेवला. ती नाही म्हणाली आणि कामाला निघून गेली. त्याने संतापून मला भिंतीवर भिरकावले. 'बंधू'वरचे टिंब उडाले. त्याला ते दिसलेच नाही. मला उचलणाऱ्या टायपिस्टबाईंना दिसले.

आठवड्याने त्याने दुसराच कागद केला. दादाने आपले सगळे शेअर धाकट्याला दिले, असा मजकूर. थोरल्याच्या मरणाआधी वर्षभराची तारीख, त्याची खोटी सही आणि त्यावर माझा ठसा. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या लाजेचा राग व्हायला वेळ लागला नाही.

"वहिनी, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका," तो म्हणाला. तिच्या तपासणीच्या टेबलावर चहाचे उष्टे कप साचू लागले.

ती भांडली नाही, कोर्टात गेली. बाई थकेल, असे धाकटा सगळ्यांना सांगत राहिला. चार वर्षे गेली, तिने एकही तारीख चुकवली नाही. टिंब कधी उडाले, याची साक्ष टायपिस्टबाईंनी नोकरीवर पाणी सोडून दिली. तिच्या वकिलांनी न्यायाधीशांपुढे दोन कागद ठेवले. थोरला गेल्याचे बँकेला कळवणाऱ्या पत्रावर टिंब शाबूत होते. त्याच्याही वर्षभर आधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या कागदावर ते नव्हते. मग मला भिंगाखाली धरले. मित्रांनो, आयुष्यात इतका खूश मी कधीच झालो नव्हतो.

निकाल लागला. धाकट्याने आपले शेअर वहिनीला विकून बाहेर पडायचे. वकील म्हणाले, सह्या माझ्या ऑफिसात उरकू. तिने ऐकले नाही. तिने त्याला कारखान्यातच बोलावले, तपासणीच्या टेबलापाशी, सगळ्या कामगारांसमोर. त्याने सही केली. तिने मला त्याच्यापुढे सरकवले. त्याने घाईघाईत दांडा दाबला. तिने कागद उजेडात धरून पाहिला.

"नीट उठलं नाही, भाऊजी. पुन्हा दाबा."

त्याने पुन्हा दाबले.

आता दोन्ही घरांतली मुले रस्त्यात भेटली तर मान वळवतात. त्याचे मला वाईट वाटते, धाकट्याचे नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या भावाबरोबर, मैत्रिणीबरोबर धंदा काढेल. कोण गेले तर काय, कोण निघाले तर काय, ते हसत असतानाच लिहून ठेवा. नंतर माझ्यासारख्याला बोलावे लागते, आणि मी कुणाची गय करत नाही.